अल्सर फुटल्यावरचं ऑपरेशन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन थिएटरच्या दारात नातेवाइकांशी बोलायला मला जेमतेम पाच मिनिटं मिळतात, आणि त्यातली तीन संमतीपत्राच्या सह्यांत जातात. उरलेले प्रश्न मग वॉर्डात, जिन्यात, नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी निघता निघता विचारले जातात. तेच इथे एकत्र केले आहेत. तुमच्या पेशंटचं काय करायचं ते त्यांना हात लावून तपासणारा सर्जन ठरवेल. त्याच्याशी बोलताना थोडी मदत व्हावी, एवढंच या पानाचं काम.

आणि हे वाचत असतानाच कुणाच्या पोटात अचानक असह्य कळ आली असेल, तर वाचणं थांबवा. आधी इमर्जन्सी विभाग गाठा.

अल्सर ‘फुटला’ म्हणजे नेमकं काय झालं?

‘फुटला’ म्हटलं की डोळ्यांसमोर फुगा येतो. प्रत्यक्षात तसं काही नसतं. जठराच्या किंवा लहान आतड्याच्या पहिल्या तुकड्याच्या (त्याला आम्ही ड्युओडेनम म्हणतो) आतल्या अस्तराला जखम होते, तो अल्सर. ती जखम खोल खोल जात भिंतीचे सगळे थर पार करते आणि आरपार भोक पडतं. बहुतेक वेळा हे भोक काही मिलिमीटरचंच असतं. गोल, पंचिंग मशीननं पाडल्यासारखं. त्रास भोकाचा नसतो, त्यातून बाहेर पडणाऱ्या आम्लाचा, पित्ताचा आणि अर्धवट पचलेल्या अन्नाचा असतो. हे सगळं पोटाच्या पोकळीत पसरतं आणि पोटाचं आतलं आवरण भाजल्यासारखं लाल होतं.

अल्सर पुढच्या भिंतीवर असेल तर असा पोकळीत उघडतो. मागच्या भिंतीवरचा सहसा वेगळा गोंधळ घालतो. तिथून एक मोठी रक्तवाहिनी जाते, ती कुरतडली गेली की रक्तस्राव सुरू होतो.

काल रात्रीपर्यंत ठणठणीत होते. पोटाची तक्रारच नव्हती. मग अचानक कसं?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे. त्यावर माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो : गुडघे, कंबर, दात, डोकं, कशासाठी तरी वेदनाशामक गोळ्या चालू होत्या का? पहिलं उत्तर ‘नाही’ असतं. थोड्या वेळानं पिशवीतून पट्टी निघते.

डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या जातीच्या गोळ्या जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात आणि वर वेदनाही झाकतात. त्यामुळे अल्सर गुपचूप वाढतो आणि पहिली तक्रार म्हणून थेट भोकच समोर येतं, विशेषतः वयस्कर लोकांत. दुसरं मोठं कारण म्हणजे एच. पायलोरी हा जिवाणू. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. इतक्या आम्लात जिवाणू जगूच शकत नाही, असं तोवर सगळे धरून चालले होते. लोक मानेनात, म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये जिवाणूंचा द्राव स्वतःच पिऊन स्वतःला जठरदाह करून घेतला. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तिसरं कारण धूम्रपान. तिखट खाणं आणि टेन्शन यांच्यावर लोकांचा फार राग असतो, पण या तिघांपुढे त्यांची बाजू किरकोळ आहे.

हे दुखणं ओळखायचं कसं?

पेशंट बऱ्याचदा वेळ सांगतो. ‘सव्वाचारला उठलो, आणि सुरी खुपसल्यासारखं झालं.’ पित्ताची जळजळ अशी घड्याळ लावून येत नाही.

दुसरी खूण मी दारातूनच पाहतो. मूतखड्याचा पेशंट खाटेवर तळमळतो, कूस बदलतो, उठून बसतो. अल्सर फुटलेला पेशंट हलत नाही. गुडघे पोटाशी घेतलेले, श्वास उथळ, आणि कुणी खाटेला धक्का दिला तरी चेहरा वेडावाकडा. पोटावर हात ठेवला की ते फळीसारखं कडक लागतं. कधी कधी खांदा दुखतो, कारण श्वासपटलाची (छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याची) नस मानेतून खाली येते आणि मेंदू ते दुखणं खांद्याच्या नावावर लिहितो.

आता फसवा भाग. काही तासांनी दुखणं कमी होऊ शकतं. पोटातला द्राव आम्लाला पातळ करतो, पेशंट म्हणतो, ‘आता बरं वाटतंय, घरी जाऊ.’ याच काळात जंतू वाढत असतात, आणि पुढच्या टप्प्यात पोट फुगतं, ताप येतो, नाडी पळते, रक्तदाब ढासळतो. कमी झालेल्या दुखण्यावर विसंबून घरी गेलेले पेशंट दुसऱ्या दिवशी फार वाईट अवस्थेत परत येतात.

आणखी एक चकवा : बाहेर पडलेला द्राव पोटाच्या उजव्या कडेनं खाली ओघळतो आणि दुखणं अपेंडिक्सच्या जागी जाणवतं. मूकपटांचा नट रुडॉल्फ व्हॅलेंटिनो १९२६ मध्ये ३१ व्या वर्षी याच आजारात गेला. आधी संशय अपेंडिक्सचा होता. या लक्षणाला आजही त्याचंच नाव आहे.

स्टिरॉइड चालू असलेल्या किंवा खूप वयस्कर पेशंटमध्ये यातलं काहीच ठळक दिसत नाही. नुसतं ‘गळाठल्यासारखं’ वाटतं.

एक्स-रे नॉर्मल आला, तरी सीटी स्कॅन का?

उभं राहून काढलेल्या छातीच्या एक्स-रेत उजव्या श्वासपटलाखाली काळी चंद्रकोर दिसली, की ती आतड्यातून सुटलेली हवा. पण साधारण चार-पाच पेशंटमागे एकात ती दिसतच नाही. सीटी स्कॅन अगदी थोडी हवाही पकडतो, शिवाय भोक कुठे असेल याचा अंदाज देतो. एंडोस्कोपी (तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून जठर आतून पाहणं) मात्र या वेळी सहसा करत नाहीत. त्यात आत हवा फुंकावी लागते, आणि भोक असताना ते कुणालाच नको असतं.

औषधांनी भोक बुजणार नाही का?

कधी कधी बुजतं. ओमेंटम नावाचा चरबीचा पडदा किंवा यकृत भोकावर जाऊन चिकटतं आणि गळती आपोआप थांबते. हर्मन टेलर या ब्रिटिश सर्जननं १९४६ मध्ये नाकातून नळी घालून, जठर सतत रिकामं ठेवून, ऑपरेशन न करता उपचारांचा आग्रह धरला होता. हाँगकाँगमध्ये त्याची नीट परीक्षा झाली आणि १९८९ मध्ये निष्कर्ष छापून आले : ८३ पेशंट, त्यांतल्या ४० जणांवर आधी औषधोपचार. बारा तासांत सुधारणा न दिसल्यानं ११ जणांचं ऑपरेशन करावं लागलं. सत्तरीपुढच्या पेशंटना हा मार्ग फारसा मानवला नाही.

म्हणजे तरुण पेशंट, नाडी-रक्तदाब स्थिर, पोट फारसं कडक नाही, आणि रंगद्रव्य पाजून केलेल्या तपासणीत गळती थांबलेली दिसते, असं सगळं जुळलं तरच. तेव्हाही सर्जननं दर काही तासांनी स्वतः पोट तपासायचं आणि बिघाड दिसताच थिएटर गाठायचं. ‘ऑपरेशनची भीती वाटते’ हे हा मार्ग निवडण्याचं कारण होऊ शकत नाही.

रात्रीचे दोन वाजलेत. सकाळपर्यंत थांबलं तर चालेल ना?

नाही. डेन्मार्कमधल्या अडीच हजारांहून जास्त पेशंटच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दाखल झाल्यापासून ऑपरेशन सुरू होईपर्यंतच्या प्रत्येक तासागणिक वाचण्याची शक्यता २.४ टक्क्यांनी घटताना दिसली. सकाळपर्यंत किती तास होतात, तुम्हीच मोजा.

पण ‘अजून आत का नेत नाहीत?’ म्हणून रागावूही नका. मधल्या तास-दोन तासांत सलाइन जोरात चालू असतं, अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारं इंजेक्शन दिलेलं असतं, नाकातली नळी जठर रिकामं करत असते, लघवीची नळी किती लघवी होते ते सांगत असते. कोरड्या पडलेल्या पेशंटला तसंच भूल दिली तर रक्तदाब कोसळतो. भूलतज्ज्ञ थांबायला सांगत असेल तर त्याला कारण असतं.

ऑपरेशनमध्ये नेमकं करतात काय?

बेंबीच्या वर मधोमध चीर. पोटाचं आवरण उघडताच हवा फुस्स करून बाहेर येते, आणि त्या आवाजानं निदान पक्कं होतं. मागोमाग हिरवट-पिवळं पाणी, त्यात अन्नाचे कण. ते ओढून घ्यायचं, थोडं तपासणीला पाठवायचं. मग भोक शोधायचं. ते बहुधा यकृताखाली, पित्ताशय त्यावर चिकटलेलं. बोटानं अलगद सोडवलं की समोर दिसतं : मध्ये काळं छिद्र, भोवती सुजलेली, ठिसूळ कडा.

ही कडा ओल्या कागदासारखी असते. टाका ओढून बांधला तर फाटतो आणि भोक मोठं होतं. म्हणून ओमेंटमचा, त्याच्या रक्तवाहिन्या शाबूत ठेवून, जिभेसारखा तुकडा ओढून भोकावर बसवतात. आधी भोकाच्या दोन्ही बाजूंनी चांगल्या, निरोगी भिंतीतून तीन-चार टाके घालून सैल ठेवायचे, मग त्यांखाली ओमेंटम सरकवायचं, आणि वरून गाठी मारायच्या. सगळं कसब त्या गाठीत आहे. सैल राहिली तर गळती, आवळली तर ओमेंटमचा रक्तपुरवठा तुटून तो तुकडाच मरतो. शिकाऊ डॉक्टरचा हात नेमका इथे घट्ट होतो. बुटाची नाडी बांधतोय का, असं मी त्याला विचारतो.

शेवटी कोमट सलाइननं, काही लिटर, पोट धुवायचं : यकृताच्या वर, दोन्ही कडांना, खाली ओटीपोटात. निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. हा कंटाळवाणा भाग आहे आणि रात्री तीन वाजता तो उरकण्याचा मोह होतो. उरकू नये.

भोकावर चरबी लावली म्हणाले. हे तात्पुरतं आहे का?

नाही, हाच पक्का इलाज आहे. सेलन-जोन्स यांनी १९२९ मध्ये रक्तपुरवठा असलेलं ओमेंटम वापरण्याची पद्धत सांगितली. टोरांटोच्या रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ मध्ये ओमेंटमचा सुटा तुकडा वापरला. आज जवळपास सगळे सेलन-जोन्स यांच्या धाटणीनं करतात आणि ऑपरेशनच्या नोंदीत ‘ग्रॅहम पॅच’ लिहितात. सर्जरीत अशी नावांची अदलाबदल बरीच आहे. काही आठवड्यांत आतलं अस्तर वाढून भोक कायमचं बुजतं, आणि पुढे बदलायचं किंवा काढायचं काही राहत नाही.

दुर्बिणीनं होईल का?

१९९० पासून होतंय. करायचं तेच असतं, फक्त तीन-चार छोट्या छिद्रांतून. दुखणं कमी, जखमेत पू होण्याचं प्रमाण कमी. मात्र पेशंटचा रक्तदाब स्थिर हवा, भोक लहान हवं, आणि रात्रीच्या त्या वेळी हे काम हातात बसलेला सर्जन हवा. आत गेल्यावर जमत नाही असं दिसलं आणि पोट उघडलं, तर त्याला अपयश समजू नका. जीव वाचण्याच्या बाबतीत दोन्ही पद्धतींत मोठा फरक सिद्ध झालेला नाही.

आमच्या काकांचं पूर्वी अर्धं जठर काढलं होतं. यांचं का नाही?

तेव्हा आम्ल थांबवणारी चांगली औषधं नव्हती, जिवाणू माहीत नव्हता. त्यामुळे अल्सर परत होऊ नये म्हणून आम्ल तयार करवणारी व्हेगस नस कापायची किंवा जठराचा भाग काढायचा. पुढे जन्मभर जुलाब, जेवल्यावर गरगरणं, वजन न वाढणं. आता ते काम गोळ्या करतात. भोक दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा मोठं असेल, कडा पार कुजलेल्या असतील किंवा कॅन्सरची शंका असेल, तर मात्र आजही जठराचा भाग काढावा लागू शकतो.

तुकडा तपासायला पाठवलाय म्हणाले. कॅन्सर आहे का?

भोक जठराला असेल तर कडेचा तुकडा पाठवतातच, कारण जठरातल्या काही अल्सरखाली कॅन्सर दडलेला असतो. पाठवला म्हणजे आहे, असं नाही. ड्युओडेनमच्या अल्सरमध्ये ही भीती जवळजवळ नसते. जठराच्या अल्सरमध्ये सहा-आठ आठवड्यांनी एंडोस्कोपी करून जखम भरली का तेही बघतात.

जिवाला धोका किती?

मोघम उत्तर देऊ नये, म्हणून तीन गोष्टी सांगतो. दाखल होताना रक्तदाब पडलेला होता का? आधीपासून हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड, यकृत यांचा गंभीर आजार आहे का? भोक पडून २४ तास उलटले का? बोई आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये याच तीन प्रश्नांवरून गुण मांडले. एकही ‘हो’ नसेल तर त्यांच्या पेशंटमध्ये मृत्यू नव्हताच. एक ‘हो’ असेल तर सुमारे १० टक्के, दोन असतील तर ४५ च्या आसपास, आणि तिन्ही असतील तर कुणीच वाचलं नव्हतं. तो शेवटचा आकडा त्या काळाचा. नंतरच्या अभ्यासांत तो बराच खाली आला, तेव्हा तिन्ही उत्तरं ‘हो’ आहेत म्हणून कुणी हात टेकू नयेत. पण उतरंड तीच राहिली आहे.

या तिघांपैकी जुना आजार आज रात्री बदलता येत नाही. रक्तदाब थोडा सावरता येतो. तास मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतात, तुमच्या आणि आमच्याही. तुम्ही पोटदुखीची गोळी देऊन सकाळची वाट पाहिली आणि आम्ही सीटीच्या रांगेत वेळ घालवला, तर दोन्ही एकाच खात्यावर जमा होतं.

ऑपरेशन झालं, आता पुढचे दिवस कसे असतात?

पहिले एक-दोन दिवस तोंडानं काही नाही किंवा घोट-घोट पाणी, नाकात नळी, सलाइन. वायू सरला की वॉर्डात आनंदाची बातमी. पोट मऊ असेल तर हल्ली दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पातळ अन्न सुरू करतात. श्वासाचे व्यायाम मनापासून करून घ्या. पोटाचे टाके दुखतात म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही, आणि फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया धरतो. वयस्कर पेशंट पोटापेक्षा छातीमुळे जास्त अडचणीत येतात.

गळतीची भीती साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. पोटात ठेवलेल्या नळीतून पित्तासारखा हिरवा द्राव येऊ लागला, नाडी विनाकारण १२० वर गेली, पोट पुन्हा दुखून फुगलं, तर लगेच सांगा. नाडी वाढणं ही तापाच्याही आधीची खूण असते. जखमेच्या पट्टीवर अचानक गुलाबी पाणी भरपूर झिरपलं तर आतले टाके सुटत असण्याची शक्यता असते. सकाळच्या राउंडपर्यंत थांबू नका, सिस्टरला तेव्हाच बोलवा. श्वासपटलाखाली किंवा ओटीपोटात पू साठला तर बऱ्याचदा सोनोग्राफीत बघून सुईनं काढता येतो.

परत होईल का?

भोक बुजवणं हा अर्धा इलाज. एच. पायलोरी तसाच ठेवला तर अल्सर परतण्याची चांगलीच शक्यता असते. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००० साली दाखवलं, की नुसतं भोक बुजवलेल्या जिवाणूबाधित पेशंटपैकी जिवाणू मारण्याची औषधं दिलेल्यांत वर्षभरात ४.८ टक्क्यांना अल्सर पुन्हा झाला. न दिलेल्यांत ३८.१ टक्क्यांना. एवढा फरक मी माझ्या कुठल्याही टाक्यानं आणू शकत नाही.

म्हणून तपासणी करून घ्या. जिवाणू निघाला तर सहसा १४ दिवसांचा कोर्स, पूर्ण. गोळ्या खूप असतात, तोंड कडू होतं, आणि बरं वाटतंय म्हणून सातव्या दिवशी लोक सोडून देतात. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जिवाणू गेला का ते पाहायचं. त्याआधी दोन आठवडे आम्ल कमी करणारी गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर रिपोर्ट खोटा ‘नाही’ दाखवतो. ती कधी बंद करायची हे डॉक्टरांना विचारून. सिगारेट तर बंदच.

मग वेदनाशामक गोळ्या जन्मभर बंद?

शक्यतो हो. पॅरासिटामॉल चालते. सांधेदुखीसाठी दुसरी गोळी लागणारच असेल, तर डॉक्टरांना या ऑपरेशनबद्दल सांगून, जठराचं संरक्षण करणाऱ्या गोळीसोबतच. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःहून सोडू नका. ऑपरेशनसाठी थांबवली असेल तर ती पुन्हा कधी सुरू करायची, हे हृदयाच्या आणि पोटाच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं.

कामावर कधी जाता येईल?

बैठं काम दोन-तीन आठवड्यांत. पोट उघडून ऑपरेशन झालं असेल तर जड वजन साधारण सहा आठवडे नाही, हर्निया टाळायचा असेल तर.

डिस्चार्ज कार्डावर काय असायला हवं?

भोक कुठे होतं, जठराला की ड्युओडेनमला. किती मोठं होतं. काय केलं. बायोप्सी (तपासणीसाठी तुकडा) पाठवली का आणि रिपोर्ट कुठून घ्यायचा. एच. पायलोरीची तपासणी झाली का. यातली शेवटची ओळ बहुतेक कार्डांवर नसते, माझ्या हातच्या काही जुन्या कार्डांवरही नव्हती. नसेल तर निघण्यापूर्वी लिहून मागा, आणि कार्ड औषधांच्या डब्यात ठेवा, जिथे वेदनाशामक गोळीची पट्टी असते तिथेच.